साडेचार मिनिटांचा तुकडा

उस्ताद, तुम्ही गेल्याला अठ्ठावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितो आहे, कारण परवा रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये तुमची मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती. पिक्चरच्या ज्या कापलेल्या तुकड्यापायी तुमची टॉकीजमधली केबिन सुटली, तो कोणी कापला हे तिच्यासमोर सांगायचं की नाही, एवढंच मला ठरवायचं होतं. गाव अजून तुमचंच नाव घेतं. चौतीस वर्षं मी ते ऐकून घेतलं, कधी चहाच्या टपरीवर, कधी लग्नाच्या पंगतीत, आणि प्रत्येक वेळी पुढ्यातला घास नीट चावून खाल्ला. मी कामात चोख माणूस आहे हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून जे झालं ते क्रमानेच सांगतो.

तो पिक्चर तुम्हाला आठवत असणार. गावाने त्याला एका शोमध्ये येडा ठरवलं. पण आदल्या दुपारी रिकाम्या टॉकीजमध्ये आपण ट्रायल घेतली तेव्हा शेवटचं रीळ संपल्यावर तुम्ही मशीनचा आर्क दिवा विझवायचं विसरून उभे राहिला होतात. गोष्ट बदल्याची. विहीर खोदताना सुरुंग वेळेआधी उडतो, त्यात नायकाचा भाऊ मरतो. ठेकेदारानेच मुद्दाम वात पेटवली असं धरून नायक नाव बदलून त्याच्याच घरी गडी म्हणून राहतो. मारामारी नाही, मोठमोठे डायलॉग नाहीत, नुसतं वाट पाहणं. दोष पुष्कळ आहेत, मी आजही बोटावर मोजून सांगतो. तो विनोदी इन्स्पेक्टर, ज्याचा गोष्टीशी काडीचा संबंध नाही. मध्येच घुसवलेलं स्वप्नातलं गाणं. ठेकेदाराचा प्लास्टरमधला हात एकदा उजवा दिसतो, पुढे डावा. पण बनवणाऱ्याची झेप मोठी होती. शेवटी नायक ठेकेदाराला त्याच विहिरीच्या काठावर आणतो, एका धक्क्याचं काम उरतं, आणि तो त्याला मागे ओढून घेतो. का, ते कोणी बोलत नाही. त्याचं उत्तर आधीच्या एका प्रसंगात आहे. हात मोडलेल्या ठेकेदाराला नायक आंघोळ घालत असतो आणि त्याच्या पाठीवर त्याला सुरुंगाच्या कपच्यांचे काळे ठिपके दिसतात, भावाच्या अंगावर होते तसेच. म्हणजे सुरुंग उडाला तेव्हा हा माणूसही खालीच होता, भावाला काढायला उतरलेला. साडेचार मिनिटं. एक शब्द नाही. तांब्या, पाणी आणि ती पाठ.

तेव्हा आपण अजून अकोला जिल्ह्यातच मोडत होतो. आपल्या टॉकीजला नवा पिक्चर बाजाराच्या दिवशी लागायचा आणि तीनच्या शोला सगळी बाहेरगावची माणसं. इंझोरीची, धनजची, माळवं विकून रिकाम्या टोपल्या खुर्च्यांखाली सारून बसलेली. त्यांची शेवटची एसटी सव्वासहाची. पिक्चर लांबला की माणसं शेवट टाकून स्टँडकडे पळत, म्हणून तुम्ही दर पिक्चर गाडीच्या टायमाला बसवायचे. त्याचा तुमचा कायदा होता. काढायचं तर फक्त गाणं, तेही पूर्ण, आणि खिळ्याला टांगून त्यावर चिठ्ठी लावायची. शो सुटला की पहिलं काम ते परत जोडायचं. त्या दिवशी तुम्ही जेवायला निघताना म्हणालात, नवव्या रिळातलं गाणं काढून ठेव. मी बावीस वर्षांचा होतो. शाळा नववीतच सुटली होती, पण मशीनचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन पाठ केलं होतं आणि त्याची गुर्मी अंगात होती. गाणं मला आवडलं होतं. मी ते राहू दिलं आणि अकराव्या रिळातून आंघोळ काढली. चारशे पाच फूट. जॉइंट इतका साफ बसला की बोट फिरवूनही कळत नव्हता.

शो चालू आहे. कार्बन जळतो आहे, केबिनचा पत्रा तापला आहे, तुम्ही बनियनवर आहात. पडद्यावर गाणं येतं तेव्हा तुम्ही फक्त मान वळवून माझ्याकडे पाहता. अकरावं रीळ लागतं आणि तुम्ही तुमच्या खिडकीला डोळा लावता. आंघोळ येत नाही. तुम्ही खिडकीपासून हटत नाही, आणि मला कळतं की आता एक तास या आठ बाय दहाच्या खोलीतून मला बाहेर पडता येणार नाही. शेवट येतो. नायक ठेकेदाराला मागे ओढतो, पांढरा पडदा होतो, आणि खाली कोणालाच कळत नाही की पिक्चर संपला. मग एका म्हाताऱ्या माळ्याचा आवाज येतो, सगळ्या टॉकीजला ऐकू जाईल असा: "तीन घंटे चाकू पाजवला, अन् शेवटी कांदाबी नाही कापला." हसण्याचा लोट उठला आणि त्या हसण्याचाच राग झाला. खुर्च्या आपटल्या, मग जिन्यावर पायांचा आवाज आला. तुम्ही दाराची कडी लावली. बाहेर माणसं दार ठोकताहेत, शिव्या ऑपरेटरला आहेत, आणि आत तुम्ही, मी, दोन तापलेली मशीनं आणि तळहाताएवढ्या दोन खिडक्या. तुम्ही कपाळ पुसत विचारलंत, "काहून काढला रे तो?"

मी म्हणालो, "लांब वाटला."

मला वाटलं, आता हाताला लागेल ते डोक्यात घालाल. "लांब वाटला म्हनतं," तुम्ही म्हणालात. "मंग ते तुवं मत झालं. मतापायी मानसाले कायले मारू."

कडी तुटली तेव्हा मालकच पुढे होता. मागून आलेल्या गर्दीत खिळ्याला टांगलेला तो तुकडा खाली पडला आणि मातीने भरलेल्या चपलांखाली चेंदला गेला. मालकाने विचारलं, कोणी काढला. तुम्ही म्हणालात, मी. मी रीळ गुंडाळायच्या रिवाइंडरचं हँडल धरून उभा होतो. तेवढ्यात स्टँडवर गाडीचा हॉर्न वाजला आणि तीनशे माणसं बदला अर्धवट टाकून टोपल्या घेऊन पळाली. नाहीतर त्या दिवशी आपल्या दोघांचं काय झालं असतं, देव जाणे. सहाच्या शोला मालकाने एक जुना पिक्चर चढवला. प्रिंट भोक पडलेली परत गेली, आठ दिवसांनी वितरकाचा माणूस आला, त्याने जॉइंट पाहिला आणि तुमचं नाव प्रिंट खराब करणाऱ्यांच्या यादीत गेलं. मालकाने तुम्हाला काढलं आणि तुमच्या जागी मला बसवलं. तुम्ही जाताना मला केबिनची चावी दिलीत आणि खिशातलं भिंगही दिलंत. जॉइंट पाहायला कामी येईल म्हणालात. मग तुम्ही बाजारओळीत स्टो दुरुस्त करत बसायचे, आणि मी घरी जायला मागची गल्ली धरायचो. सहा वर्षं मी त्या गल्लीने गेलो. त्या केबिनमध्ये मी एकूण अकरा वर्षं बसलो, आणि एकही दिवस असा नव्हता की आतून कडी लावताना हात थांबला नाही.

टॉकीज बंद पडली तसा मी मोटार वाइंडिंगकडे वळलो, तेही पाहून पाहूनच शिकलो. दुकान बरं चालतं. पण गावात माझी ओळख वेगळी आहे, आणि ती सांगताना आज मला जड जातं. मी पिक्चरवर मत देणारा माणूस आहे. इथल्या साप्ताहिकात मी बारा वर्षं लिहिलं. कॅमेरा कुठे चुकला, घड्याळ कोणत्या मनगटावरून कोणत्या मनगटावर गेलं, हे लोक मला विचारायला येतात. आणि त्या येड्या पिक्चरवरही मी बोलत आलो. बनवणाऱ्याला शेवट सुचला नाही, नायकाने माणूस सोडला याला काही कारणच दिलेलं नाही, असं मी छातीठोक सांगायचो. ते कारण मीच काढून टाकलं होतं. पण तेच इतक्यांदा बोललो होतो की बोलताना मला ते खरंच वाटायचं.

यंदा कोणीतरी तो पिक्चर साफ करून अख्खाच्या अख्खा मोबाइलवर टाकला. वाचनालयात महिन्याच्या एका रविवारी सकाळी पिक्चर दाखवतात आणि नंतर मी बोलतो. हा कार्यक्रम चालवणाऱ्या प्राध्यापकांनी नेमका हाच निवडला आणि मला न विचारता पत्रिकेत माझं नाव छापलं. मी दुकानात बसून, वाइंडिंगचं काम बाजूला सारून, तो पाहिला. मग खालची लोकांची मतं वाचत बसलो. एकाने लिहिलं होतं, पहिला अर्धा सोनं आणि दुसरा खिचडी. एकाला इन्स्पेक्टर दिसला की मोबाइल फेकावासा वाटत होता. एकीने लिहिलं होतं की पिक्चर दहा ठिकाणी फसला आहे, पण आंघोळीच्या त्या साडेचार मिनिटांसाठी सगळं माफ. मी खाली माझं मत लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. पोट दुखतं म्हणून रविवारी घरी राहावं, असंही मनात आलं. पण माझ्याशिवाय कोण बोलणार, हाही माझाच तोरा.

शुक्रवारी तुमची मुलगी दुकानात आली. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, केस अर्धे पिकलेत, उभी मात्र तुमच्यासारखीच राहते, एका पायावर भार टाकून. तिने पत्रिका पाहिली होती. लग्नानंतरही तिला सासरी कोणी कोणी ऐकवायचं म्हणे, हिच्या बापाने पिक्चर कापला होता. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, केबिनमंधी तं तुमीच होते. बाबानं गाणं सोडून दुसरं कधी कापलं नाही. मंग त्याच दिवशी ते कायले कापल्या गेलं असंन जी?" मी हातातली तार सोलत राहिलो. म्हणालो, लई वर्षं झाली बाई, आठवत नाही. मला कोणत्या रिळाला किती फूट होते तेही आठवतं, उस्ताद. ती उठली, रविवारी येते म्हणाली.

आणि आली. पिक्चर संपला तेव्हा हॉलमध्ये कोणी शिट्टी मारली नाही. मी उठलो आणि इन्स्पेक्टरपासून सुरुवात केली, मग गाणं, मग प्लास्टरचा हात. लोक हसले, त्यांनी माना डोलावल्या. दोन दरवाजे आहेत हॉलला, दोन्ही उघडे, आणि तरी मला वाटत होतं की मागून कोणीतरी कडी लावली आहे. आंघोळीच्या प्रसंगापाशी मी आलो आणि टाळून पुढे जाणार, तर कॉलेजातली एक मुलगी उठली. ती स्पष्ट म्हणाली की तो प्रसंग लांबला आहे, अर्धा कापला असता तरी चाललं असतं. मी तिच्यावर तुटूनच पडलो. तांब्या तीनदा का बुडतो, पाठ आधी का दिसत नाही, सगळं दहा मिनिटं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, तुम्ही टॉकीजमध्ये पहिल्यांदा पाहिला तेव्हा तुम्हाला कसा वाटला होता?"

मी हातातली मुद्द्यांची वही मिटली. मी तुमच्या मुलीकडे पाहिलं आणि म्हणालो की या गावाने तो प्रसंग पाहिलाच नाही, कारण मी तो कापला होता. उस्तादांनी गाणं काढायला सांगितलं होतं. मला हा प्रसंग लांब वाटला म्हणून मी माझ्या मनाने हा काढला. आळ त्यांच्यावर गेला, आणि मी तो जाऊ दिला. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, बाकीच्यांनीही वाजवली, आणि प्राध्यापक म्हणाले की एका जाणकाराचा हा मोठेपणा आहे. कबुली द्यायला उभा राहिलो आणि मानाची शाल घेऊन खाली बसलो.

बाहेर चपला घालताना तुमची मुलगी जवळ आली. मला वाटलं बोलणार नाही, किंवा मग असं बोलेल की जन्मभर पुरेल. ती म्हणाली, "आई सांगे, बाबा घरी येऊन एकच बोलले. ज्यानं कापलं त्यानं पाहून, इचार करून कापलं असंन, त्याचं मत होतं. नाव बाबानं मरेपर्यंत नाही सांगितलं." मग हसली. "तुमचं मत होतं तं झालं. आता मले काही वाटत नाही जी." आणि गेली. तिच्या मनावरचं ओझं उतरलेलं तिच्या चालण्यात दिसत होतं. मी तिला हाक मारली नाही.

मी तिला हाक मारायला हवी होती, उस्ताद. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुमचा पत्ता नाही, तिला द्यायची माझी हिंमत नाही, तेव्हा इथेच लिहून ठेवतो. तो प्रसंग मला लांब वाटला नव्हता. ट्रायलला तुम्ही मशीनवर होतात आणि मी मागे टेबलावर आधीचं रीळ गुंडाळत होतो, पडद्याकडे पाठ करून. गाणं वाचवायचं म्हणून मला तेवढ्याच लांबीचा दुसरा तुकडा हवा होता, बिनबोलण्याचा, म्हणजे जोडाशी आवाज अडखळत नाही. फिल्मच्या कडेला आवाजाची रेघ असते, ती सलग सपाट कुठे आहे तेवढं पाहत गेलो. अकराव्या रिळात चारशे पाच फूट सपाट सापडली आणि तिथे कात्री लावली. आत कोण होतं, काय करत होतं, ते पाहिलं नाही. माझं काही मत नव्हतं.