करंगळी जाईल एवढी ढील

आबा, दिवाळीनंतर तुम्हाला लिहिलेल्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. धुळ्यात कापसाचं जिनिंग चालवणाऱ्या शेठच्या परदेशी गाडीतली तार ड्रायव्हरने गाडी आपटल्यामुळे तुटली, असं मी लिहिलं होतं. ती तार माझ्यामुळे तुटली. तुमच्यामुळेही तुटली. तुम्ही असतात तर हे तोंडावर बोलायची माझी हिंमत झाली नसती. आता तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणून कागदावर बोलते आहे.

तुम्ही अशी गाडी पाहिली नाहीत. तिच्या प्रत्येक चाकाजवळ बोटाएवढा सेन्सर असतो. चाक किती वेगाने फिरतं ते तो दोन बारीक तारांतून आतल्या पेटीला कळवतो. जोरात ब्रेक दाबल्यावर एखादं चाक जागीच अडकू लागलं, तर पेटी त्याचा ब्रेक क्षणभर सोडते. तार तुटली की पेटी हे काम थांबवते आणि समोर पिवळा दिवा लागतो. गणपतीच्या सुमारास ही गाडी आपल्या वायरिंगच्या दुकानात फक्त हॉर्नसाठी आली होती. पुढच्या डाव्या चाकामागे मला सेन्सरची तार लोंबताना दिसली. तिची क्लिप तुटली होती. एवढी महागडी गाडी आणि काम असं ढिलं, म्हणून मी हसलेसुद्धा. मेण लावलेला दोरा घेतला, तार ओढून बांधली, खालून करंगळी घालून पाहिली. गेली नाही. मग समाधान झालं.

ही करंगळी तुमची. मला अक्षरं यायच्या आधी तारांचे रंग येत होते. आई भाकरी थापायची आणि तुम्ही चुलीपासून हातभर अंतरावर तारांचे तुकडे मांडून विचारायचात, लाल कुठून येते, काळी कुठे जाते. शाळा त्यानंतर. मग तो चोपड्याचा केळीचा ट्रक. मी तेरा वर्षांची आहे, मागच्या दिव्याची तार बांधली आहे, तुम्ही वाकता, तारेखाली करंगळी घालता, ती आरपार जाते. तुम्ही पक्कडीने सगळ्या गाठी कापता. ट्रकवाला बघतो आहे. "परत बांध. लोंबती तार माझ्या दुकानातून बाहेर जायची नाही." चार वेळा बांधायला लावलंत. चौथ्या वेळी करंगळी अडली आणि तुम्ही ट्रकवाल्याला म्हणालात, "पोरीचा हात बसला." त्या एका वाक्यावर मी आजपर्यंत जगले आहे, म्हटलं तरी चालेल.

दिवाळीनंतर ती गाडी परत आली. पिवळा दिवा लागलेला. मी मीटर लावला. रबर शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. शेठने विचारलं, "कशाने तुटली?" मी म्हणाले, "झटका बसला असेल." मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायची लाज वाटली. शेठ लगेच ड्रायव्हरकडे वळले. "बघ! नदीच्या फरशी पुलावरून नेऊ नको म्हटलं होतं ना?" ड्रायव्हर दोंडाईच्याकडचा, मामाच्या वयाचा. शेठला उत्तर न देता तो माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, मी गाडी कोठेच आपटी नही. बठ्ठा दोष मनावरच का?" सगळा दोष त्याच्यावरच का, हे तो मला विचारत होता आणि मी मान खाली घालून टेप गुंडाळत राहिले. तार जोडली आणि पुन्हा तशीच आवळून बांधली. आठवड्याने कळलं, शेठने त्याला कामावरून काढलं.

काल तीच गाडी, तोच दिवा, नवा ड्रायव्हर. तुमच्या जागी आता नानाकाका बसतात. ते म्हणाले, "गाडीला तुझी फारच आठवण येते वाटतं." मी गाडी जॅकवर घेतली, मीटर लावून चाकापाशी बसले आणि ड्रायव्हरला स्टिअरिंग हळूहळू फिरवायला सांगितलं. सरळ, आकडा बरोबर. डावीकडे, बरोबर. उजवीकडे पूर्ण वळवलं आणि आकडा गेला. परत सरळ, आकडा आला. तिसऱ्यांदा मी मीटर सोडून तारेकडे पाहिलं. चाक वळताना तार पुढे जायला बघत होती आणि माझा दोरा तिला जाऊ देत नव्हता. ती लोंबती तार ढिलाई नव्हती. चाकाला वळता यावं म्हणून कारखान्याने ती मुद्दाम सोडली होती. चेसिसच्या सांगाड्यावरची तार हलली की घासते, तिथे तुमची करंगळी बरोबर. पण चेसिस वळत नाही, आबा. चाक वळतं. तुम्ही मला कुठे आवळायचं ते शिकवलंत, कुठे सोडायचं ते नाही. आणि मीही कधी विचारलं नाही, कारण तुम्हाला विचारलेलं आवडत नसे.

नानाकाकांना सांगितलं. ते म्हणाले, "दुरुस्त झाली ना? मग गप बस. शेठला कशाला सांगायचं?"

"एका माणसाचं काम गेलं, काका."

"तो कुठेतरी लागला असेल. पाटीवर तुझ्या बापाचं नाव आहे. लोक म्हणतील, आबाची पोरगी तारा तोडते."

"तोडली तर म्हणू देत. नाहीतर पाटी उतरवा."

मी शब्द मागे घेतला नाही, आजही घेत नाही. तुमचं नाव एका निर्दोष माणसाच्या भाकरीवर टिकणार असेल, तर मला ते टिकवायचं नाही.

तार नवी घातली आहे. नवी क्लिप लावली, करंगळी सहज जाईल एवढी ढील ठेवली, आणि करंगळी घालून दाराकडे पाहिलं. तुमच्या हातात पक्कड असेल असं वाटलं. असती तरी मी कापू दिलं नसतं.

हे पत्र मागच्या पत्रांसारखंच तुमच्या हत्यारांच्या पेटीत जाईल. आता धुळ्याला जाऊन शेठला खरं सांगायचं, आणि तिथूनच दोंडाईच्याला त्या ड्रायव्हरच्या घरी. एक कबूल करते. आधी मी शुक्रवार ठरवला होता. शुक्रवारी शेठ गावी नसतात, हे मला ठाऊक होतं. बुधवारी ते सकाळपासून जिनिंगवर असतात. मी येत्या बुधवारी जाते आहे, सकाळच्या पहिल्या एसटीने.