धाकटीचे तेरावे गाणे

मी, खाली सही करणारा, वय त्र्याहत्तर, धंदा ध्वनिमुद्रणाचा (आता बंद), डोके ठिकाणावर आणि कान शाबूत असताना हे मृत्युपत्र लिहितो. कोणाच्याही दडपणाखाली नाही, असे लिहायची पद्धत आहे. दडपण आहे, पण ते न लिहिण्याचे आहे.

१. राहते घर माझ्या मुलीला. मागच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकल्या आहेत. तिथेच मी माझ्या धाकट्या बहिणीची गाणी मुद्रित केली. मुलीने त्या खुशाल काढाव्यात.

२. फितीचे मोठे यंत्र आणि दोन्ही मायक्रोफोन रेडिओ दुरुस्तीवाल्याला. त्याने कधी मागितले नाहीत, म्हणून. पुतण्याने तीनदा मागितले. त्याला काही नाही.

३. धाकटीची गिटार तिच्या गाण्यांचे संकलन करणाऱ्या तरुण मुलीला. धाकटी आजीकडून ऐकलेली गाणी विजेच्या गिटारवर गात असे. आई म्हणायची, एक ना धड, भाराभर चिंध्या. दोन तबकड्या निघाल्या, कोणी ऐकल्या नाहीत. एक्केचाळीस वर्षांनी या मुलीला त्यातली एक भंगारवाल्याकडे सापडली. आता ती बारा गाण्यांचा संग्रह काढते आहे. सोबतच्या पुस्तिकेत 'गायिका अपघातात गेली' असे वाक्य आहे. ते मीच दिले. ते खोटे आहे. "काका, अजून काही शिल्लक आहे का?" असे तिने विचारले, तेव्हा नाही म्हणालो. तेही खोटे.

४. त्या काळी इथल्या खाणीत सुरुंगाने दरड कोसळली आणि अकरा मजूर गाडले गेले. कागदावर तीनच आले. धाकटीने अकराही नावे गाण्यात घातली, खाणीच्या मालकाचेही घातले. ते तिचे तेरावे गाणे, मी फितीवर घेतले. मालकाचा मुकादम माझ्याकडे आला. फीत पुसा म्हणाला. मग सहज विचारावे तसे विचारले, ताई उद्या कार्यक्रमाला कोणत्या रस्त्याने, किती वाजता निघणार? माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. बोलताना तो सारखा पाळण्यात पाहत होता. मी सांगितले. दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता धाकटी मोटारसायकलसकट दरीत सापडली. ब्रेकची तार मी हातात घेऊन पाहिली. जन्मभर फिती कापणाऱ्याला तुटलेले आणि कापलेले यांतला फरक कळतो.

फीत पुसली, असे मुकादमाला कळवले. पुसली नव्हती. माझ्या आयुष्यातले धाडस तेवढेच.

५. संग्रहाची बातमी छापून आल्यापासून मालकाच्या मुलाचा माणूस दोनदा येऊन गेला. बोलणे मोठे अदबीचे. "आजोबा, जुनी फीत चटकन पेट घेते," तो म्हणाला, "आणि घरात नातवंडं असतात तुमची." मंगळवारपासून समोर एक गाडी उभी आहे. तिच्यातून कोणी उतरत नाही.

म्हणून मूळ फीत संकलन करणाऱ्या मुलीकडे पोचवली आहे. नकला तिघांकडे आहेत. त्यांची नावे इथे लिहीत नाही. तेरावे गाणे संग्रहात शेवटी घ्यावे आणि कलम चार पुस्तिकेत जसेच्या तसे छापावे. माझ्यावर दया दाखवून एक शब्दही गाळू नये. मी भाजून, पडून किंवा गाडीखाली गेलो, तर अपघात अशी नोंद करण्याआधी हे वाचावे.

६. मुलीला काल सगळे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, म्हणजे आत्या माझ्या बदल्यात गेली?" मी म्हणालो, "तुझ्या नाही. माझ्या भीतीच्या." ती उठून गेली. अजून बोललेली नाही. तिने बोलावे, अशी अट मी घालू शकत नाही.

ठिकाण: डॉक्टरांचा दवाखाना
दिनांक: १६ जानेवारी २०२६, सकाळी साडेदहा

सही: (ध्वनिमुद्रक)

साक्षीदार पहिले: डॉक्टर. मी शुद्धीवर असल्याचे त्यांनी तपासून लिहिले आहे.

साक्षीदार दुसरे: शेजारचे मास्तर ठरले होते. तीस वर्षांची मैत्री. कलम चार वाचून त्यांनी पेनाला टोपण लावले आणि निघून गेले. त्यांना दोष नाही. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी मात्र खुर्चीवरून उठल्या नाहीत. "द्या इकडे," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ त्या अकरांतला. कागदावर नाही आला."

सही त्यांची.