साडेसहानंतरची आई

३ जून

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं, म्हणून हे पत्र. पत्र मध्येच आपटता येत नाही.

चिमीला तू तुझ्या घराजवळच्या पाळणाघरात घातलंस, हे मला जावईबापूंच्या तोंडून कळलं. मला! जिने एकतीस वर्षं लोकांची पोरं सांभाळली! माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज बाप्ये होऊन स्वतःची लेकरं माझ्याकडे आणून सोडतात, आणि माझी सख्खी नात परक्या बाईच्या हातचं जेवते. लोक विचारतात तेव्हा मी काय तोंड दाखवू?

जावईबापू महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. तुझी लॅब आठला उघडते, मी पाचपासून उठलेली असते. बसने चाळीस मिनिटांचा तर प्रश्न. चौदा मुलांत पंधरावी मला काही जड नाही. माझं नेमकं काय चुकलं, तेवढं तरी लिही.

आईवरची माया अगदीच आटली नसेल, तर उत्तर धाड.

तुझी
आई

*

१० जून

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

चिमी मजेत आहे. एक दाढ येते आहे, त्यामुळे आम्ही दोघीही किरकिऱ्या झालो आहोत.

काय चुकलं ते तूच विचारलंस, म्हणून लिहिते. चौदा मुलांत पंधरावी, हेच चुकलं. पंधरावी कशी असते ते मला विचार.

तुझा नियम आठवतो ना? सकाळी सातला पाळणाघराचं दार उघडलं, की मीही तुला मावशी म्हणायचं. मालकीणबाई स्वतःच्या मुलीचे लाड करतात, असं कुठल्या पालकाच्या तोंडून यायला नको. म्हणून हात धुवायच्या रांगेत मी शेवटची, खेळणं निवडायला मी शेवटची, आणि मांडी तर कधीच नाही. संध्याकाळी साडेसहाला शेवटचं मूल घरी गेलं की तू आई व्हायचीस. तोवर तुझा इतका पिट्टा पडलेला असायचा, की मला आई मिळायची ती बसल्या जागी पेंगणारी.

पाच वर्षांची असताना मी घसरगुंडीवरून पडले. ओठ फुटला, तोंडभर रक्त. मी आई म्हणून ओरडले. तू कापूस लावलास, अगदी हलक्या हाताने लावलास, आणि हळूच सांगितलंस की साडेसहाला अजून वेळ आहे. आलेगेले पालक कौतुक करायचे, किती शहाणी मुलगी, अजिबात त्रास देत नाही. त्रास द्यायचा तरी कोणाला? लॅबमध्ये रक्त घ्यायला मी लहान मुलांच्या हातात सुई टोचते, तेव्हा ती आईच्या कुशीत तोंड खुपसून मला शिव्या देतात. मला त्यांचा हेवा वाटतो, आई. चौतीस वर्षांच्या बाईला दोन वर्षांच्या पोरांचा हेवा!

इथल्या बाई चिमीला परक्या आहेत, पण त्या परक्याच आहेत हे चिमीला ठाऊक आहे. तुला ती हवी असेल, तर पाळणाघर बंद कर आणि नुसती तिची आजी हो. जमेल?

राग आला तरी लिही. अबोला नको.

तुझी
बेबी

*

२४ जून

चि. बेबीस आशीर्वाद. (अनेक हा शब्द या वेळी मुद्दाम गाळला आहे.)

तुझं पत्र वाचून दोन दिवस नुसती धुमसत होते. तुझे बाबा गेले तेव्हा तू अडीच वर्षांची. माझं शिक्षण बेताचं, माहेरी कोणी उभं करेना. घरातली पुढची खोली रिकामी केली आणि लोकांची शी-शू काढली, तेव्हा तू लॅबचा पांढरा कोट घालायला मोकळी झालीस. हे तुला कधी ऐकवायचं नाही असं ठरवलं होतं. ऐकवलं एकदाचं.

धुमसून झाल्यावर मात्र गप्प बसवेना. काल पालकांना सांगून टाकलं, महिनाअखेरीस बंद. एकीने डोळ्यांना रुमाल लावला. दुसरीने त्याच दमात छोट्या खुर्च्या विकणार का म्हणून विचारलं. जाऊ दे.

त्यानंतरचा सोमवार सोडून दे, मला खोली घासायची आहे. मंगळवारी चिमीला घेऊन ये. तिच्या अंगाला कोणता साबण लागतो, तेही लिहून पाठव.

जीव तुझ्यातच अडकलेला आहे, एवढं लक्षात असू दे.

तुझी
आई

*

९ ऑगस्ट

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

परवा झाल्या प्रकाराबद्दल लिहायलाच हवं.

लॅबमधलं मशीन बिघडलं, म्हणून मी दुपारी तीनलाच आले. दार वाजवण्याआधी खिडकीतून डोकावले. चिमी तुझ्या मांडीवर होती. जेवण कधीच झालं होतं, झोपही झाली होती, म्हणजे मांडीवर असायचं काही कारण नव्हतं. ती तुझ्या चष्म्याची दोरी चघळत होती आणि तू तिला चघळू देत होतीस. तुझा तो चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता.

मला आनंद व्हायला हवा होता. पोटच्या पोरीचा मत्सर करणारी आई मी फक्त गोष्टींत वाचली होती. मी आत येऊन तिला ओढून घेतलं, ती किंचाळली, आणि तू तिची पिशवी भरायला लागलीस.

या वेळी तुझी काहीच चूक नाही. नुसती आजी हो म्हणून मीच लिहिलं होतं. तू झालीस. म्हणजे तुला येत होतं, आई. तेव्हाही येत असणार. हेच मला गिळता येत नाही.

सोमवारपासून चिमी पुन्हा इकडच्या पाळणाघरात जाईल.

तब्येतीला जप.

तुझी
बेबी

*

१४ ऑगस्ट

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

पालकांच्या तक्रारीच्या भीतीने तो नियम केला, असं मी तुला सांगत आले. ते खोटं आहे. एकाही पालकाने कधी चकार शब्द काढला नव्हता.

सुरुवातीचे चार महिने मी तुला कडेवर घेऊनच सगळं करायची. एक दिवस दोन पोरं रडत होती आणि मी तुला मांडीवर घेऊन बसले होते. मला उठावंसं वाटेना. ती दोघं डोळ्यांसमोर नको झाली. तरी उठले, आणि त्यातल्या एकाला चापट मारली. तो वर्षाचाही नव्हता. गालावर बोटं उठली. संध्याकाळी त्याच्या आईला सांगितलं, की पाळण्याच्या दांडीवर आपटला. त्या बाईने माझ्यावर विश्वास ठेवला.

हे पुन्हा घडलं तर काम जाणार आणि आपण दोघी रस्त्यावर. तुला जवळ घेऊन परत खाली ठेवायची ताकद माझ्यात नव्हती, म्हणून मी तुला उचलणंच बंद केलं. मावशी म्हणायला लावलं ते तुझ्यासाठी नव्हतं, माझे कान बंद राहावेत म्हणून होतं.

माफी मागत नाही. मागितली, तर ती देण्याचं आणखी एक काम तुझ्यावर पडेल.

चिमीला माझा गोड पापा.

तुझी
आई

*

२२ ऑगस्ट

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मला वाटायचं, कारण कळलं की राग जाईल. राग आहे तिथेच आहे, फक्त आता तो कोणावर धरायचा ते कळत नाही. मी जेवताना मध्येच थांबते आणि त्या चार महिन्यांतलं काही आठवतंय का बघते. काहीही आठवत नाही.

चिमीला मी सांगितलं, की आजीला बरं नाही, म्हणून तिकडे जायचं नाही. वाटलं होतं भोकाड पसरेल, आणि मग मी तिला जवळ घेईन. तिने नुसती मान डोलावली. आपल्या चपला आपणच घातल्या, उलट्या, आणि दारात जाऊन उभी राहिली. आठवडाभर रोज तसंच. काल इथल्या बाईंनी माझं अभिनंदन केलं, की या खेपेला पोर एकदाही रडली नाही. मी त्यांचे आभार मानले, वळणावर आले आणि भिंतीला धरून रडले.

सोमवारी तिला तुझ्याकडे आणते. हवा तेवढा वेळ मांडीवर घे. मी दारातूनच परत फिरेन, आत बोलावू नकोस. संध्याकाळी येताना फाटकातून हाक मारेन. हाक ऐकलीस की तिला खाली उतरव. मला ते बघवत नाही.

लोभ असावा, पण तिच्यावर. माझं नंतर बघू.

तुझी
बेबी