टकटक चालू आहे

३ फेब्रुवारी, सकाळी ८
भाविका दहा दिवसांसाठी नाशिकला गेली, कॉलेजच्या कामाला. जाताना लॅपटॉप माझ्या हातात दिला. तो टकटक करतोय. तिने तीन वेळा बजावलं: बाबा, चालू करू नका, हार्ड डिस्क जातेय, थेट विपुलच्या दुकानात द्या.

आत राहीबाईचे एकेचाळीस धवळे आहेत. राहीबाई माझी मोठी बहीण. आगरी लग्नात धवळे, म्हणजे विधींची गाणी, म्हणायला शेलारपासून पडघ्यापर्यंत तिलाच बोलवत. भाविकाने तिच्या मागे फिरून सगळे रेकॉर्ड केले, त्यावरच तिचा प्रबंध आहे. नंतर राहीबाईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. ज्या फोनवर रेकॉर्ड केलं तो रिक्षात राहिला. म्हणजे जे आहे ते ह्या डब्यात.

मी हो म्हटलं. पण तीस वर्षं भिवंडीत लूमचा जॉबर होतो मी. बंद पडलेला लूम चालू करणं हाच धंदा. आता एवढ्याशा डब्यासाठी विपुलचे पाय धरू?

दुपारी १
चालू करून पाहिला. फक्त ऐकण्यापुरता. टक, टक, टक. एकसारखी लय. जॉबरचा नियम साधा: मशीन बोलतंय तोवर जिवंत, गप्प झालं की धावा. डिस्क ठणठणीत आहे. पोरीला मशीनमधलं कळत नाही. दोन तास चालू ठेवला, जरा मोकळा होऊ दे म्हणून.

५ फेब्रुवारी
स्क्रीन निळी. टकटक मात्र जोरात. तब्येत सुधारतेय.

उजव्या बाजूला एक चापट दिली, मनगटातून, लूमला देतो तशी. चालला! ‘आत्या’ नावाचं फोल्डर दिसलं. उघडायला गेलो आणि अडकला. दुसरी चापट. तिसरी. चौथी जरा रागात बसली. एंटरचं बटण उडून आमटीत पडलं. माधवी म्हणाली, विपुलकडे न्या. मी ताट भिंतीवर मारलं. भिंतीवर, तिच्यावर नाही. बायको विसरते, म्हणून लिहून ठेवतोय.

संकल्प: उद्यापासून राग बंद.

६ फेब्रुवारी
राग बंद. सात ते सात चाळीस.

सात चाळीसला टकटक थांबली. लॅपटॉप दोनदा टेबलावर आपटला. पुन्हा सुरू! ह्याला अनुभव म्हणतात. टेबलाचा एक पाय गेला. स्टूलही गेलं. स्टुलाचा तसा संबंध नव्हता, पण मध्ये आलं.

८ फेब्रुवारी
भाविकाचा फोन. लॅपटॉप दिला का? दिला म्हटलं. विपुल काय म्हणाला? चांगल्या हातात आहे म्हणाला. हे अगदीच खोटं नाही. हात माझाच आहे.

माधवी तीन दिवस बोलत नाहीये. घरात शांतता असली की काम चांगलं होतं.

९ फेब्रुवारी
शेजारचा आला, ज्याला सगळे भाऊ म्हणतात. राहनाळला त्याचं एक गोडाऊन आहे, म्हणून त्याला जगातलं सगळं कळतं. म्हणाला, डिस्क फ्रीजमध्ये ठेव, मी व्हिडिओ पाहिलाय. मी म्हटलं, निघ. निघेना. वर हसला. माझ्या हातात पाना होता, तो सुटला. भाऊ वाकला. त्याच्या स्कूटीचा आरसा वाकू शकला नाही.

माधवीने भाऊची माफी मागितली. माझ्या वतीने. मला न विचारता.

११ फेब्रुवारी, सकाळी १०
आता अर्धवट इलाज नाही. डिस्क बाहेर काढली. तिचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे, आपल्या माणसाला उघडता येऊ नयेत म्हणून केलेले. छिन्नी आणि हातोडा घेतला. उघडली.

आत एक चकचकीत चकती आणि तिच्यावर बारीकसा हात. बस, एवढंच! ह्यासाठी लोक इंजिनीअर होतात. चकतीवर धूळ बसली, ती बोटाने पुसली. डिस्क कोरडी ठणठणीत होती, ओरडणार नाही तर काय करेल? लूमचं तेल, दोन थेंब. झाकण लावलं, डिस्क परत लॅपटॉपमध्ये बसवली आणि चालू केला.

सकाळी ११
टकटक बंद. पूर्ण गप्प.

चापट मारली. आपटला. काही नाही. मग हातोडा घेतला. किती घाव घातले ते मोजले नाहीत. स्क्रीन फुटली, खालची फरशी फुटली, तरी हात थांबेना. माधवीने मागून मनगट धरलं आणि म्हणाली, “आता माजं डोकं बाकी हाय, त्यावर घाला.” मग थांबलो.

दारात राहीबाई उभी होती. कधी आली कळलं नाही. तिच्यावरही ओरडलो, घरी जा म्हणून. गेली नाही.

१२ फेब्रुवारी
पिशवीत भरून विपुलकडे नेला. त्याने डिस्क उजेडात धरली. म्हणाला, “काका, खोला किसने?”

मी म्हटलं, पोरीने.

तो म्हणाला, टकटक म्हणजे डिस्क मरत होती. पहिल्या दिवशी बंदच आणली असती तर मुंबईच्या लॅबला पाठवली असती, बहुतेक सगळं निघालं असतं. आता चकतीवर बोटाचा ठसा आहे आणि तेल आहे. कोणाच्या बापाला जमणार नाही.

बाप काढला म्हणून मी कॉलर धरली. कॉलर सुटली आणि माझा हात काउंटरच्या काचेत गेला. चार टाके. काच कमी जाडीची वापरतात हे लोक.

१३ फेब्रुवारी
भाविका आली. मी तीन कारणं तयार ठेवली होती. तिने एकही विचारलं नाही. पिशवीत पाहिलं. एवढंच म्हणाली, “तेल घातलंत?”

दोनच थेंब, मी म्हटलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. मीही ओरडलो असतो. ती जाऊन राहीबाईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. हे मला बघवेना. म्हणून जाहीर केलं: काळजी नको. मी राहीबाईचा सख्खा भाऊ, एका घरात वाढलो, सगळे एकेचाळीस पाठ आहेत. उद्या फोन समोर ठेव, मी म्हणतो.

१४ फेब्रुवारी, सकाळी ९
गरम पाणी प्यायलो. बसलो. भाविकाने फोन समोर ठेवला. राहीबाई बाजूला.

पहिली ओळ आली. दुसरीला राहीबाईने मान हलवली. पुन्हा घेतली. पुन्हा मान हलवली. भाविका म्हणाली, “पुढं, बाबा?”

मी म्हटलं, “मना न्हाय येत.”

घरात इतकी लग्नं झाली. धवळे आत, बायकांत. मी दर वेळी बाहेर जनरेटरपाशी, कोणावर तरी ओरडत. एकदाही आत जाऊन ऐकलं नाही.

मग राहीबाईने फोन स्वतःकडे ओढला आणि म्हणू लागली. ओठ हलत होते, नुसती हवा येत होती. एक झाला की दुसरा. भाविकाने थांबवलं नाही. मीही नाही.

तेवीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. लावून पाहिलं. त्यात फक्त पंख्याचा आवाज आहे.