दोन सह्यांचं खातं

६ जानेवारी, सोमवार
नवीन वर्षाचा संकल्प: हात उचलायचा नाही. तसा मी शांतच आहे, लोक उगाच अंगावर येतात.
दुसरा संकल्प: घरखर्चाला एकच खातं. मी आणि धाकटा भाऊ ज्यूड कोलशेतच्या घरात एकत्र राहतो. सिलेंडरचे पैसे कोणी द्यायचे यावरून आजवर दोन खुर्च्या मोडल्या. आता खालच्या खोलीचं भाडंही या खात्यातच येणार. त्यातूनच आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, २४ तारखेला. तोवर आई कळव्याला, आमच्या बहिणीकडे, स्वीडलकडे.

७ जानेवारी
बँकेतल्या संचिता मॅडमना सांगितलं, करंट अकाउंट पाहिजे. सेव्हिंग बायकांचं. माझ्या बायकोचं, क्लाराचं, आहे एक झीरो बॅलन्सवालं. मॅडमनी विचारलं, करंट धंद्याला लागतं, तुमचा धंदा काय? प्रश्न खोचक होता. मी टेबलावर हात ठेवला. जरा जोरात ठेवला. काच तडकली. जुनीच होती.
शेवटी सेव्हिंग, पण जॉइंट. मॅडम म्हणाल्या, दोघांपैकी कोणाही एकाची सही चालेल असं ठेवा, घरखर्चाला सोयीचं. मी म्हटलं, दरवेळी दोघांच्या सह्या. ज्यूडवर माझा पूर्ण विश्वास आहे, पण उगाच कशाला. त्या म्हणाल्या, मग एटीएम कार्ड नाही, फोनवरून पैसे जाणार नाहीत, फक्त चेक. म्हणजे तिजोरीच की! मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला. पटलं असावं.

१० जानेवारी
मासळीवाली गंगुबाई चेक घेत नाही. तिला दोन सह्यांचे फायदे समजावले. तिने कोयती उचलली. मी शांतपणे, पण वेगात घरी आलो. जेवणात डाळ.

१४ जानेवारी
घरात इन्व्हर्टर हवा, त्याच्या चेकवर माझी सही झाली. ज्यूड म्हणाला, आधी आईचा डोळा. मी मिक्सर फेकला. त्याच्यावर नाही, त्याच्या दिशेने. त्याने चुकवला, भिंतीने चुकवला नाही. नव्या मिक्सरच्या चेकवरही तो सही देत नाही. किती आडमुठा माणूस.

१८ जानेवारी
ज्यूड लोखंडी कपाटातून चेकबुक काढत होता. मला न विचारता. मी कपाटाचं दार लावलं. त्याचा उजवा हात आत राहिला. मनगटाची दोन हाडं गेली.
रिक्षा मीच आणली, हे कोणी बोलत नाही. रिक्षात त्याने डाव्या हाताने मला एक ठेवून दिली. दाढ हलतेय. प्लास्टर सहा आठवडे.
रात्री क्लाराने सांगितलं, तो हॉस्पिटलच्या डिपॉझिटचा चेक लिहिणार होता. मग आधी सांगायचं ना.

२० जानेवारी
बँकेत ज्यूडने डिपॉझिटच्या चेकवर डाव्या हाताने सही केली. जुळली नाही. मग मी मोठ्या मनाने म्हटलं, एकाच सहीचं करून टाका. मॅडमनी फॉर्म दिला. त्यावर दोघांच्या सह्या लागतात. अंगठा चालेल, पण डॉक्टरचं पत्र, साक्षीदार, वरची मंजुरी, आठ-दहा दिवस. मी हात उचलला. मॅडमनी नवी काच बाजूला सरकवली. मी डोकं खाजवलं.

२३ जानेवारी
आज डिपॉझिट भरलं नाही तर उद्याची तारीख जाणार, पुढची मार्चमध्ये. हॉस्पिटलच्या काउंटरवर मी मूठ आवळून उभा. मारायला कोणी सापडेना. क्लाराने पर्समधून फोन काढला आणि झीरो बॅलन्सवाल्या खात्यातून पैसे भरले. ब्लाउज शिवून साठवलेले. दोन मिनिटं लागली.

२५ जानेवारी
सकाळी आईची पट्टी काढली. तिने आधी ज्यूडचं प्लास्टर पाहिलं. विचारलं, काय झालं?
"काय नाय, आये. बाथरूममदी घसरलो."
त्याने माझं नाव घेतलं नाही.
आईने माझ्या हातांकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "तुजा बाप होता तवा मी पन लय वेला घसरलेली."
येताना रिक्षाचे पैसे क्लाराने दिले. मी मागे ज्यूडशेजारी बसलो, हात मांडीखाली घालून.