सुयांनी की नामाने

रत्नागिरी, कार्तिक शुद्ध दशमी, सायंकाळ

ज्याच्या कृपेने श्वास चालतो, त्या श्रीहरीस नमन. आज मन खिन्न आहे.

सुया टोचून रक्तदाब उतरतो का, याची इथल्या इस्पितळातली एक तरुण डॉक्टरीण चाचणी घेत आहे. तिच्या रुग्णांत मीही एक. सुया टोचलेल्या असताना जप-ध्यान करू नका, असे तिने आरंभीच बजावले होते. परंतु मनगटात सुई रुतली की माझे ओठ हलू लागत. आज ते तिने पाहिले.

"आजोबा, काय पुटपुटताय?"

"नाम घेतोय."

"आजच?"

"प्रत्येक वेळी."

ती हसली, मग हातातली नोंदवही मिटली. "मग दाब उतरला तो सुयांनी की नामाने, मी कसं ठरवू? तुमचे आकडे आता धरता येणार नाहीत."

नामाने कुणाचे नुकसान व्हावे? की ते माझ्या हट्टाने झाले?

शिवाय काळजी आरे-वारे गावी राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीची, माईची. माझा दाब सुयांनी उतरला असे ऐकून ती आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या सोडायला निघालेली. तिला लगेच फोन केला. "माझ्यावर जाऊ नकोस. गोळी चालू ठेव."

"मग दादा, इतके दिवस टोचून घेतलंस ते कशाला? चाळण व्हायला?"

"गोळी तेवढी चुकवू नकोस," असे पुन्हा बजावून मी फोन ठेवला. आता लिहितानाही मनगटावरच्या त्या जागेकडे दृष्टी जाते, आणि ओठ हलतात.

त्या मुलीस माझ्याहून विश्वासू माणसे मिळोत. हे पान ज्यांच्या हाती पडेल, त्या सर्वांचे हृदय निरामय राहो.