सव्वा मीटरच्या चौकटी

ता. ३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा उभ्याउभ्या वाचलं आणि ते डोक्यात शिरलं नाही. बसून वाचलेलंही फारसं शिरत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार.

तर शाळेचं पटांगण जायची वेळ आली म्हणायची. तपासणीच्या बाई म्हणाल्या की सहा पोरं चेंडू लाथाडतात आणि उरलेली दीडशे भिंतीला टेकून बघतात, मग तिथे जुन्या फायलींसाठी खोली बांधलेली काय वाईट. दोन महिन्यांत सगळी पोरं हलताना दिसली तरच जागा राहील. आणि तू, एवढी मुख्याध्यापिका, मला विचारतेस काय करू! मी पाचवीत वर्गात कमी आणि वर्गाबाहेर उभा जास्त होतो.

पण एक सुचतंय. आणखी चेंडू आणू नकोस. सहाच्या जागी बारा लाथाडतील, एवढंच. इथे गोदामात माझं काम म्हणजे फरशीवर पिवळ्या रेघा मारणं. पाटी लावली तर कोणी वाचत नाही, पण रेघ मारली की माणसं आपोआप तिच्या कडेनं चालायला लागतात. का, ते मला अजून कळलेलं नाही. तू पटांगणात चौकटी आखून घे. चार रांगा, रांगेत सहा चौकटी, चौकट सव्वा मीटरची. मागे चित्र काढलंय. पोरांना काही शिकवू नकोस. नुसतं बघ आणि मला कळव. फार उत्सुकता आहे.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर चालेल.

तुझा,
भिंगरी


ता. १९ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

चौकटी आखल्या. शिपाईमामांनी दोरी धरून अगदी तुझ्या मापानं रंगवल्या, आणि रंग वाळल्यावर माझ्या लक्षात आलं की सव्वा मीटरची उडी दुसरीतलं पोर मारणार कशी? पोरं रेघेपाशी यायची, पलीकडे बघायची आणि परत फिरायची. मामा म्हणाले, आता भिंतीऐवजी रेघेला टेकून बसतील. मी तुझ्या नावानं काय काय बोलले ते लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी दोन मुलींनी एका चिमुरडीचे दोन्ही हात धरले, स्वतः चौकटीच्या दोन्ही कडांनी पळाल्या आणि तिला मधून उचलून पलीकडे टाकली. एक चौकट, मग दुसरी, अशा सहाही. चिमुरडी किंचाळत होती, पण उतरायला तयार नव्हती. दुपारपर्यंत पटांगणात तिघातिघांच्या टोळ्या झाल्या. मधल्याचा पाय रेघेला लागला की तिघं रांगेच्या शेवटी.

आता खरी गंमत. हलकं पोर उचलायला सोपं, म्हणून पहिलीच्या मुलांना अचानक भाव आलाय. चेंडूवाले सहा जण काल पहिलीच्या दारात उभे राहून विनवण्या करत होते.

जेवण वेळेवर घेतोस ना? हीही नोकरी सोडू नकोस, एवढं ऐक. आठवण ठेव आणि पत्र टाक.

तुझी,
ताई


ता. २ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माप चुकलं, कबूल. सव्वा मीटर हे आमच्या हातगाडीचं माप. रोज तेच आखून हात त्यालाच बसलाय. पोरांचे पाय किती असतात हे डोक्यातच आलं नाही.

पण मला झोप लागेना अशी गत झाली आहे. एकाचा हात सुटला तर बाद कोण? पाय लागला की नाही हे कोण ठरवतं? मधला नेहमी तोच, की बदलतो? जाड पोरानं काय करायचं? चहाच्या सुट्टीत आम्ही गोदामात खेळून पाहिलं. क्रेनवाला मध्ये, मी आणि हमाल दोन्हीकडे. दुसऱ्याच चौकटीत तिघं आडवे. मुकादमानं विचारलं काय चाललंय, तर क्रेनवाला फरशीवरूनच म्हणाला, ‘शाळा.’

एकेक प्रश्नाचं नीट उत्तर लिही. घाईत अर्धवट लिहिलंस तर राग येईल. मी आहे तिथेच आहे, नोकरी सोडलेली नाही. मनात जागा असू दे.

तुझा,
भिंगरी


ता. ५ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नांपायी ऑगस्टभर मी पटांगणात उभी राहून पोरांची उलटतपासणी घेतली आणि तुला चार पत्रं लिहिली. आता तुझी पाळी.

काल बाई आल्या. दीडशे पोरं घामानं निथळत होती. भिंतीपाशी फक्त दप्तरं होती. बाईंना आवडलं, तोंडावर दिसत होतं. पण त्यांच्या कागदात खेळाच्या नियमांची जागा आहे. त्या म्हणाल्या, ‘नियम लिहिलेले नसतील तर मला याला खेळ म्हणता येणार नाही.’ पंधरा दिवसांत नियम पाठवले नाहीत तर खोलीचं काम सुरू.

मी सहावीला विचारलं, त्यांनी एक सांगितलं. चौथी म्हणाली, साफ खोटं. दोघांत जुंपली. मला तर तुला काय लिहिलं होतं तेही आठवत नाही. ती पत्रं जपून ठेवली असशील तर लगेच परत पाठव. तुझा पसारा मला माहीत आहे, म्हणून आजच शोधायला बस.

तुझी,
ताई


ता. ११ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रं परत देणार नाही, ती माझी आहेत. पण तीन दिवस रोज कामानंतर मुकादमाच्या टेबलाशी बसून त्यातले नियम वेगळ्या कागदावर उतरवलेत. एका जागी इतका वेळ मी जन्मात बसलो नव्हतो. क्रेनवाला येऊन कपाळाला हात लावून गेला, ताप आहे का बघायला.

सात नियम निघाले. एकटं जायचं नाही. कडेचे दोघं रेघेबाहेरून पळतील. पाय लागला की तिघं शेवटी. दर फेरीला मधला बदलायचा. जाड पोराला चार जणांनी धरायचं, आणि त्यावर हसणारा पुढच्या फेरीत धरायला जाईल. रांगेतल्यांनी जागच्या जागी उड्या मारत राहायचं.

सातवा तुझ्या तिसऱ्या पत्रात सापडला. भांडण झालं किंवा नियम बदलायचा झाला तर मधल्याला विचारायचं, कारण हवेत तोच असतो.

अक्षर बघून बाई हसतील. हसू देत. मजकूर खरा आहे. काय होतं ते लवकर कळव, जीव टांगणीला लागलाय.

तुझा,
भिंगरी


ता. २४ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पटांगण राहिलं. आज सहीचा कागद आला. फायली जिन्याखाली जाणार. बाईंनी विचारलंय की नियम लिहिणारे गृहस्थ कुठल्या शाळेत खेळ शिकवतात. मी खरं ते कळवलं.

तुझा कागद मामांनी दाराशी चिकटवला. पहिलीतल्या एका मुलीनं तो मोठ्यांकडून वाचून घेतला आणि म्हणाली, मधला बदलायचा तो चौथा नियम आम्ही सोमवारीच काढून टाकला. मी धसकले. तर तिनं समजावलं, की त्या वेळी मध्ये तीच होती आणि रीतसर तिलाच विचारलं होतं. म्हणजे तुझ्या सातव्यानं चौथा गेला, आणि सगळं नियमाला धरूनच झालं.

चौथ्याच्या जागी काय आलंय ते मी लिहिणार नाही, कितीही प्रश्न विचारलेस तरी. चार दिवस सुट्टी काढ आणि ये. मध्ये उभा राहा. धरायला आठ जण लागतील, ते तयार आहेत.

तुझी,
ताई